हौशी सीएनसी राउटरचं कंट्रोल सॉफ्टवेअर : आधी पल्सचा हिशोब, मग पडद्याचा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. तुम्ही ६०० बाय ९०० मिलिमीटरचं सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने कापणारं-कोरणारं मशीन, बांधताय. सगळीकडे १६०५ बॉलस्क्रू (फिरवला की अक्ष सरकवणारा स्क्रू) आहेत. लांबीच्या बाजूला दोन्हीकडे एकेक स्क्रू असल्यामुळे नेमा-२३ मापाच्या स्टेपर (ठरावीक पावलांनी फिरणाऱ्या) मोटर एकूण चार. स्पिंडल, म्हणजे बिट फिरवणारी मोटर, दीड किलोवॅटचा, त्याला वेग बदलणारा व्हीएफडी. काम सागवान, एमडीएफ आणि ॲक्रिलिकवर: नावाच्या पाट्या, देव्हाऱ्याच्या जाळ्या, थोडं उठावाचं कोरीवकाम. पुढेमागे ॲल्युमिनियमच्या पट्ट्याही कापायच्या आहेत. पॅरलल पोर्टचा (पूर्वी प्रिंटर जोडायचो तो) एक जुना डेस्कटॉप घरी पडून आहे. सुटे भाग देणारा म्हणतो मॅक-३ टाका, मित्र म्हणतो लिनक्ससीएनसी, आणि व्हिडिओ बघावेत तर सगळीकडे जीआरबीएल. कोणाचं ऐकायचं?

माझं उत्तर असं: तुमच्या मशीनला मी ३२-बिट बोर्डावर जीआरबीएल-हॅल वापरीन, जमलं तर इथरनेट असलेला बोर्ड घेईन, आणि संगणकावर मशीनला फाइल पाठवायला जीसेंडर किंवा यूजीएस ठेवीन. लिनक्ससीएनसीकडे जायचं मनात असेल तर मोटरना पल्स देणारं मेसा कार्ड घेऊनच जा. मॅक-३ आज नव्याने घेऊ नका. हे का, ते मात्र सविस्तर सांगायला हवं. नुसतं नाव सांगून सोडलं तर उद्या आणखी कोणी चौथं नाव सांगेल आणि तुम्ही परत इथेच येऊन उभे राहाल.

'कंट्रोल सॉफ्टवेअर' या एकाच शब्दाखाली लोक निरनिराळ्या गोष्टी कोंबतात. चित्र काढणं हे कॅडचं काम. कोणत्या बिटने, किती खोल, कोणत्या वाटेने कापायचं हे ठरवून जी-कोडची, म्हणजे मशीनला कळणाऱ्या आज्ञांची, फाइल बनवणं हे कॅमचं काम. ती फाइल ओळीओळीने मशीनला पुरवतो तो सेंडर. आणि त्या ओळी वाचून, वेग-प्रवेगाचा हिशोब करून, मोटरच्या ड्रायव्हरला प्रत्यक्ष पल्स (एकेका पावलासाठी विजेचा एकेक ठोका) देतो तो खरा कंट्रोलर. यूजीएस हा फक्त सेंडर आहे. मॅक-३ आणि लिनक्ससीएनसी जी-कोड वाचण्यापासून हालचाल ठरवण्यापर्यंत सगळं संगणकावर करतात, आणि पॅरलल पोर्ट वापरला तर पल्सही संगणकच देतो. त्यामुळे 'यूजीएस चांगलं की मॅक-३' हा प्रश्न कासऱ्याची तुलना बैलाशी करण्यासारखा आहे. पडदा कसा दिसतो, बटणं कुठे आहेत, हे महिन्याभरात सवयीचं होतं. पल्स कोण देतो हे मात्र मशीन बांधतानाच ठरतं आणि नंतर बदलायला महाग पडतं. म्हणून निवड तिथून सुरू करा.

तुमच्याच मशीनचा हिशोब करू. स्टेपर एका फेऱ्याला २०० स्टेप टाकतो. ड्रायव्हरवर ८ मायक्रोस्टेप लावले, म्हणजे एका स्टेपचे आठ तुकडे केले, की एका फेऱ्याला १,६०० पल्स. १६०५ मधला १६ हा स्क्रूचा व्यास आणि ०५ म्हणजे एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरक. म्हणजे एका मिलिमीटरला ३२० पल्स. मिनिटाला ५,००० मिलिमीटर वेगाने मशीन पळवायचं तर सेकंदाला सुमारे ८३ मिलिमीटर, म्हणजे जवळपास २६,७०० पल्स. दोन पल्समध्ये ३७ मायक्रोसेकंदांच्या आसपास अंतर. या वेगाला मोटर मिनिटाला १,००० फेरे घेत असते. पल्सची लय बिघडली तर ती जागेवरच गुरगुरते आणि थांबते. साध्या स्टेपरकडून उलट निरोप येत नसल्यामुळे कंट्रोलरला हे कळतच नाही. तो पुढचा सगळा जॉब सरकलेल्या जागी कोरत राहतो.

विंडोज हे वेळेचं पक्कं बांधील असलेलं सॉफ्टवेअर नाही. ते एक मिलिसेकंद दुसऱ्या कामात गुंतलं तर वरच्या हिशोबाने २६ पल्स गडबडतात. मॅक-३ ने यावर पूर्वी जी युक्ती काढली ती आजही कौतुकाची वाटते. आर्ट फेनर्टी यांनी लिहिलेल्या या सॉफ्टवेअरचा ड्रायव्हर विंडोजच्या तळाशी जाऊन सेकंदाला २५,००० वेळा ताबा घ्यायचा आणि पॅरलल पोर्टवरून पल्स द्यायचा. हजारो हौशी लोकांनी त्यावर मशीन उभी केली, मीही त्यातलाच. पण तो ड्रायव्हर ३२-बिट विंडोजवरच चालतो, ६४-बिटवर नाही. म्हणजे तुमच्या डेस्कटॉपवर एक जुनं, सुरक्षिततेचे अपडेट बंद झालेलं विंडोज कायम जपत बसावं लागेल. मॅक-३ चा विकासही थांबलेला आहे. त्याच्यानंतर आलेलं मॅक-४ वेगळं सॉफ्टवेअर आहे आणि त्याचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. आणखी एक गोष्ट: परवान्याशिवायचं मॅक-३ ५०० ओळींपर्यंतच फाइल चालवतं. कार्डाबरोबर कोणी 'पूर्ण मॅक-३ फुकट' देत असेल तर तो परवाना कुठून आला हे विचारा.

मॅक-३ यूएसबी कार्डावर चालवलं तर पल्स कार्ड देतं, ही अडचण सुटते. पण मग सगळा भरवसा त्या कार्डावर आणि त्याच्या प्लगइनवर येतो. स्वस्त कार्डांपैकी काहींवर प्रोबिंग (बिट टेकवून पृष्ठभागाची उंची मोजणं) नीट चालत नाही. चांगलं बाहेरचं कार्ड आणि विंडोज हीच जोडी हवी असेल तर यूसीसीएनसी बघा. ते बनवणाऱ्या कंपनीच्याच कंट्रोलर कार्डांवर ते चालतं, आणि दोन्ही गोष्टी एकाच घरच्या असल्यामुळे एकमेकांशी नीट जुळतात.

आता जीआरबीएल. २००९ मध्ये सिमेन स्वाले स्कोग्सरूड यांनी सुरू केलेलं आणि पुढे सनी जॉन यांनी वाढवलेलं हे मुक्त फर्मवेअर, म्हणजे चिपमध्येच बसणारं सॉफ्टवेअर. आर्डुइनो उनोवरच्या १६ मेगाहर्ट्झच्या चिपमध्ये, अवघ्या २ किलोबाइट रॅममध्ये तीन अक्षांचं मशीन चालवतं. संगणक फक्त ओळी पाठवतो, पल्स चिप देते. संगणक दोन सेकंद अडखळला तरी फार तर मशीन थबकेल, स्टेप चुकणार नाही. त्याची मर्यादा सेकंदाला साधारण ३०,००० पल्सची. ३२० ने भागा: मिनिटाला ५,६२५ मिलिमीटर. तुम्हाला पुरेसं आहे. पण कोणी 'अचूकतेसाठी' १६ मायक्रोस्टेप लावायला सांगितले तर हीच मर्यादा २,८१२ वर येते. मिलिमीटरला ३२० पल्स असले तर एक पल्स म्हणजे तीन हजारांश मिलिमीटर. सागवान हवेतल्या दमटपणाने याच्या कितीतरी पट फुगतं. आठवरच ठेवा.

मग मी साधा उनो का सुचवत नाही? तुमच्या उठावाच्या कोरीवकामासाठी. सरळ जाळी कापताना जी-कोडच्या ओळी लांब असतात. उठावाच्या कामात मात्र कॅम पृष्ठभागाचे बारीक तुकडे पाडतो, एकेक ओळ ०.१ मिलिमीटरची. जीआरबीएलचा प्लॅनर (पुढचा वेग आखणारा भाग) एका वेळी पुढच्या १६ हालचाली धरून ठेवतो, आणि हातात असलेल्या शेवटच्या हालचालीच्या टोकाशी मशीन थांबवता आलं पाहिजे असं गृहीत धरून वेग ठरवतो. म्हणजे त्याला पुढचं फक्त १.६ मिलिमीटर दिसतं. प्रवेग २०० मिलिमीटर प्रति सेकंद वर्ग असेल तर १.६ मिलिमीटरमध्ये थांबण्यासाठी वेग सेकंदाला २५ मिलिमीटरच्या वर जाऊच शकत नाही, म्हणजे मिनिटाला सुमारे १,५००. तुम्ही फाइलमध्ये ३,००० लिहा, नाहीतर ६,०००, मशीन दीड हजारच्या पुढे जाणार नाही. लोक मोटर बदलतात, पॉवर सप्लाय बदलतात, आणि कारण मात्र या सोळा घरांत असतं. प्रवेग ५०० केला तर तीच मर्यादा २,४०० होते. कॅममध्ये टॉलरन्स थोडा सैल करून तुकडे मोठे केले तरी फरक पडतो.

३२-बिट चिपवर हा अडसर राहत नाही. टेर्ये इओ यांनी उभं केलेलं जीआरबीएल-हॅल हे त्याच घराण्यातलं, पण मोठ्या चिपांसाठी लिहिलेलं. टीन्सी ४.१, एसटीएम-३२, ईएसपी-३२ अशा अनेक चिपांवर ते चालतं. प्लॅनरची घरं वाढवता येतात आणि पल्सची मर्यादा तुमच्या मशीनच्या गरजेच्या खूप वर जाते. ड्रिलिंगची जी८१ सारखी सायकल मूळ जीआरबीएलमध्ये नाही, ती इथे आहे. तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गॅन्ट्रीच्या (स्पिंडल वाहणाऱ्या आडव्या पुलाच्या) दोन मोटरना दोन वेगळे होमिंग स्विच (अक्षाची ठरलेली सुरुवातीची जागा दाखवणारे) लावून गॅन्ट्री आपोआप काटकोनात आणता येते. दोन स्क्रूच्या मशीनला ही सोय नसेल तर वीज बंद असताना गॅन्ट्री तिरकी झालेली कळत नाही, आणि जाळीचे चौकोन समांतरभुज होऊन बाहेर पडतात. ईएसपी-३२ वर चालणारं फ्लुइडएनसीही हे करतं. त्याचं सगळं कॉन्फिगरेशन एका मजकुराच्या फाइलमध्ये असतं, वाचायला सोपं. मोठा जॉब मात्र वायफायवरून ओळीओळीने पाठवू नका, एसडी कार्डावर चढवून तिथून चालवा. आणि ईएसपी-३२ चे सिग्नल ३.३ व्होल्टचे असतात, तर मोठे ड्रायव्हर बहुधा ५ व्होल्ट मागतात. बोर्डावर ते बदलून देणारी चिप आहे का, हे घेतानाच बघा.

लिनक्ससीएनसीबद्दल मला मनापासून आदर आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेत १९९० च्या दशकात झालेल्या कामातून ते आलं आणि आज स्वयंसेवकांच्या हातून वाढतंय. टूल टेबल, कटरच्या त्रिज्येची भरपाई करणारे जी४१-जी४२, बॅकलॅश (स्क्रूमधला ढिलेपणा) भरपाई, स्वतःचे सबरूटीन, सर्वो मोटर, लेथ, सगळं त्यात आहे. मूळ जीआरबीएलमध्ये यातलं जवळजवळ काही नाही. पण राउटरवर त्रिज्येची भरपाई कॅमच करून देतो, आणि बॉलस्क्रू चांगला असेल तर बॅकलॅश भरपाईची गरज पडत नाही. तुमच्या जुन्या डेस्कटॉपवर पॅरलल पोर्टने लिनक्ससीएनसी चालेल का, हे त्याच्यासोबत येणारी, संगणक किती उशीर करतो ते मोजणारी लेटन्सी टेस्ट सांगते. ती पाच मिनिटं नाही, निदान तासभर चालवा, आणि त्या वेळात व्हिडिओ लावा, फाइल कॉपी करा, खिडक्या इकडेतिकडे हलवा. आकडे वाईट आले तर मेसाचं ७आय९६एस सारखं इथरनेट कार्ड घ्या. मग पल्स कार्डावरची चिप देते आणि संगणकाला मिलिसेकंदाला एकदा हिशोब पाठवणं एवढंच काम उरतं. हा संच माझ्या मते हौशी माणसाला मिळू शकणारा सर्वांत भक्कम कंट्रोल आहे. पण त्याची हॅल फाइल (कोणता सिग्नल कुठे जोडायचा हे लिहिलेली) समजून घ्यायला तुमचे काही रविवार जातील, आणि कार्ड बाहेरून मागवावं लागलं तर सीमाशुल्काचा खर्च धरा. ॲल्युमिनियम हे तुमचं मुख्य काम असतं, किंवा टूल चेंजर लावायचा असता, तर मी हेच सुचवलं असतं.

सुतारकामाच्या कारखान्यांत तुम्ही हातात धरायचा, डीएसपी म्हणतात तो कंट्रोलर बघितला असेल, रिचऑटो ए-११ किंवा तत्सम. पेन ड्राइव्ह लावा, फाइल निवडा, सुरू करा. भुशात संगणक ठेवावा लागत नाही, कारागिराला एका दिवसात शिकवता येतो. रोज तीच कामं करणाऱ्यासाठी तो उत्तम. तुम्हाला शिकायचं आहे, बदल करून बघायचे आहेत, म्हणून तो सुचवत नाही.

डीएसपीची एक गोष्ट मात्र सगळ्यांनी घ्यावी अशी आहे. वीज गेली की तो कुठे होता ते लक्षात ठेवतो. आपल्याकडे कंट्रोल निवडताना हा प्रश्न पहिल्या तीनांत असायला हवा. माझ्या पहिल्या मशीनवर सागाच्या फळीत साडेचार तासांचं उठावाचं काम चालू होतं. चौथ्या तासाला वीज गेली. मशीनला होमिंग स्विच नव्हते, शून्य मी डोळ्यांनी पेन्सिलच्या रेघेवर घेतलेलं. वीज आल्यावर पुन्हा तसंच घेतलं आणि कामाच्या मधोमध अर्ध्या मिलिमीटरची पायरी आली. पॉलिश पेपरने ती जात नाही. चांगली, जुनी, वाळलेली फळी होती. दुसऱ्या दिवशी मी स्विच लावले.

होमिंग असलं की गणित सरळ होतं. जीआरबीएल घराण्यात जी५४ चा, म्हणजे कामाचा, शून्यबिंदू बोर्डाच्या कायम स्मृतीत राहतो, वीज गेली तरी पुसत नाही. वीज आली की होमिंग करा, झेड (उभा अक्ष) वर उचललेला आहे याची खात्री करा, आणि थांबलेल्या ओळीच्या थोडं आधीपासून जॉब सुरू करा. जीसेंडरमध्ये मधल्या ओळीपासून सुरू करायची सोय आहे. ती आधीची एकके, फीड आणि स्पिंडलची स्थिती गोळा करून मगच निघते. हाताने ओळी कापून हा उद्योग करू नका. स्पिंडल सुरू करणारी एम३ ची ओळ राहून जाते आणि थांबलेला बिट लाकडात घुसतो.

घरी इन्व्हर्टर असलेल्यांना एक कळकळीची सूचना. कंट्रोलर आणि मोटर इन्व्हर्टरवर, स्पिंडल मात्र थेट लाइनवर, अशी जोडणी करू नका. वीज जाते, स्पिंडल थांबतो, आणि मोटर तो थांबलेला बिट लाकडातून ओढत राहतात. बिट तुटतो, तुकडा कुठे उडेल सांगता येत नाही. एकतर सगळं एकत्र बंद पडू द्या, नाहीतर व्हीएफडीचा फॉल्ट रिले (बिघाड कळवणारा स्विच) कंट्रोलरच्या फीड होल्डला, म्हणजे हालचाल थांबवणाऱ्या इनपुटला, जोडा. लॅपटॉप बॅटरीवर राहिला तर चालेल, उलट कोणत्या ओळीवर थांबलो ते तो सांगतो.

इथरनेटचा आग्रह धरण्याचं कारणही व्हीएफडीच. स्पिंडल सुरू केला की यूएसबी तुटतं, ही तक्रार फार ऐकू येते आणि दोष सॉफ्टवेअरवर येतो. यूएसबीतून संगणकाचा आणि बोर्डाचा ग्राउंड एकत्र येतो, त्यामुळे व्हीएफडीचा गोंगाट त्या वाटेने सहज फिरतो. इथरनेटच्या दोन्ही टोकांना आत ट्रान्सफॉर्मर असतात, विजेच्या दृष्टीने दोन बाजू सुट्या राहतात. यूएसबीच वापरायचं असेल तर केबल छोटी, फेराइटची घ्या. दोन्ही बाबतीत स्पिंडलची केबल जाळीच्या वेष्टनाची हवी आणि ती जाळी व्हीएफडीच्या बाजूला अर्थ केलेली हवी. लिमिट स्विचच्या तारा त्या केबलपासून दूर न्या, स्विच नॉर्मली क्लोज्ड (एरवी जोडलेला, दाबल्यावर तुटणारा) जोडा, म्हणजे तार तुटली तरी कळेल. आणि सॉकेटला तिसरं भोक आहे म्हणजे घरात अर्थिंग आहे असं धरून चालू नका, वायरमनकडून मोजून घ्या. देशावरच्या कोरड्या हिवाळ्यात भुसा ओढणाऱ्या प्लास्टिकच्या नळीत स्थिर वीज साठते आणि बोर्ड अचानक रीसेट होतो. नळीला आतून तांब्याची उघडी तार घालून ती अर्थ केली की हे थांबतं.

आणीबाणीचं लाल बटण सॉफ्टवेअरमध्ये नसतं. पडद्यावरचा 'स्टॉप' सेंडर गोठला की निरुपयोगी. खरं बटण दाबल्यावर मोटर ड्रायव्हरचा पुरवठा तुटला पाहिजे आणि व्हीएफडीला मिळणारी चालू राहण्याची आज्ञाही. हे आज जोडा, 'नंतर' नको.

सेंडरबद्दल फार डोकं खाजवू नका, ते फुकट आहेत आणि बदलायला दहा मिनिटं लागतात. नवख्याला जीसेंडर सोपा जातो. यूजीएस जुना, विश्वासाचा, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतो. सीएनसीजेएस रास्पबेरी पायवर ठेवून टॅबलेटवरून मशीन चालवता येतं. पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड) कोरायचा असेल तर बीसीएनसीचं उंचीचा नकाशा घेणं उपयोगी पडतं. कॅममध्ये पोस्ट-प्रोसेसर (कंट्रोलरच्या बोलीत जी-कोड लिहिणारा भाग) जीआरबीएलचा आणि एकक मिलिमीटर, एवढं तपासा. फ्यूजन हे कॅड-कॅम वापरणार असाल तर त्याच्या मोफत वैयक्तिक परवान्यात २०२० पासून रॅपिड (न कापता वेगाने जायच्या) हालचाली कापण्याच्या वेगाने होतात. मशीन रिकामं असतानाही रेंगाळतंय असं दिसलं तर दोष कंट्रोलरचा समजू नका.

बोर्ड आला की लगेच मशीनवर चढवू नका. आधी चारही मोटर टेबलावर सुट्या ठेवून जोडा, स्विच बोटाने दाबून प्रत्येक अक्ष थांबतो का बघा. मशीनवर चढवल्यावर गॅन्ट्रीला डायल गेज (बारीक सरक दाखवणारं सुईचं मोजमाप) लावा, सुई शून्यावर आणा, आणि ५०० मिलिमीटर पुढेमागे शंभर फेऱ्यांचा एक छोटा जी-कोड लिहून चालवा. शेवटी सुई शून्यावर आली तर प्रवेग थोडा वाढवून पुन्हा. ज्या आकड्याला सुई परत येत नाही, त्याच्या सत्तर टक्क्यांवर कायमचं सेटिंग ठेवा. हीच चाचणी स्पिंडल चालू ठेवून परत करा. फक्त स्पिंडल चालू असतानाच सुई चुकत असेल तर अडचण बहुधा अर्थिंगची किंवा केबलच्या मांडणीची आहे. त्या वेळी बोर्डाचं नाव, सेटिंगची पूर्ण यादी आणि केबल कुठून कशा नेल्यात त्याचा एक फोटो पाठवा, मी बघतो.